चिपळूण : तुमच्या आळीत पाणी कुठवर आलं होतं?

वाणीआळीकर

बाजारपेठेतून चालताना २२ जुलै २०२१ च्या पाण्याची रेघ आता शोधावी लागते. नवी शटरं, नवं फर्निचर, नवा रंग. कर्ज काढून दुकानं परत उभी केलेल्या माणसांना 'भिंतीवर डाग राहू द्या' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण २००५ ची रेघही अशीच रंगाखाली गेली होती. आणि २०२१ च्या पहाटे निम्मं गाव 'पाचच्या पुराला आपल्याकडे ओटीपर्यंतच आलं होतं' एवढ्या भरवशावर सामान फक्त टेबलावर चढवून बसलं होतं. टेबलासकट गेलं सगळं.

तेव्हा एक काम करू. ज्याला जेवढं आठवतंय तेवढं इथे लिहा. आळी कुठली, साल कुठलं, पाणी कशाला लागलं. फुटांत सांगू नका, घाबरलेल्या माणसाचा फूट मोठा असतो. स्विचबोर्ड, खिडकीची चौकट, जिन्याची कितवी पायरी, असं सांगा. ती अजून जागेवर असतात, कुणालाही टेप लावून मोजता येतं. पाणी आलं कुठून तेही लिहा: वाशिष्ठी नदीकडून, शिव नदीकडून, की गटारातून उलटं.

माझ्यापासून सुरुवात. २००५ : जिन्याची तिसरी पायरी, गुडघ्याच्या थोडं वर. २०२१ : खालच्या मजल्यावरचा छताचा पंखा पाण्यात, पाती वाकली. दोन्ही वेळा पहिलं पाणी न्हाणीच्या मोरीतून आलं, रस्त्यावरून नंतर.

बहादूरशेख_नाका

पहिला नंबर माझा! आमच्याकडे रेघ कशाला हवी, आमच्याकडे पूलच गेला. वाशिष्ठीवरचा हायवेचा जुना पूल त्याच दिवशी खचला आणि मुंबई-गोवा रस्ता आमच्या दारात संपला. मग नवा उड्डाणपूल बांधायला घेतला, तो १६ ऑक्टोबर २०२३ ला पुरा व्हायच्या आधीच खाली आला. ना पाऊस, ना पूर. नशिबाने माणूस कोणी गेला नाही. मग दोन खांबांमधलं अंतर जास्त होतं असं ठरलं आणि मध्ये नवे खांब घातले. आम्ही नाक्यावरची मंडळी आता सगळ्या प्रकारच्या पडझडीतले तज्ज्ञ आहोत. चहा प्यायला या, व्याख्यान फुकट.

पेठमाप_जुनी

वाणीआळीकर, चांगला विषय काढलात. मी शाळेत शिकवत होते, आता घरीच असते. पाणी पेठमापला नवं नाही. लहानपणी पावसाळ्यात पाणी अंगणात यायचं, दोन तास थांबायचं आणि जायचं. आजी ओटीवर बसून त्याच्याकडे बघायची, उठायचीसुद्धा नाही. सामान वर ठेवायचा माळा प्रत्येक घरात होता आणि भाताची कणगी कधीही जमिनीला टेकलेली नसे. ही घरं बांधणाऱ्यांना नदी माहीत होती.

नंतर स्लॅबची घरं झाली आणि माळे गेले. फ्रीज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर सगळं खालीच. २०२१ ला आम्ही वरच्या मजल्यावर होतो म्हणून वाचलो. आमच्याकडे पाणी जिन्याच्या वळणापर्यंत आलं, वरून तिसरी पायरी कोरडी राहिली. पहाटे अंधार होता तेव्हा अंगणात होतं. उजाडेपर्यंत दाराच्या कडीला लागलं. दुपारी ते वाढायचं थांबलं, पण उतरायला रात्र लागली. दिवसभर दिवे नाहीत, फोन नाही. शेजारच्या गच्चीवरून एकमेकांना हाका मारत होतो. आदल्या दिवशी बकरी ईद झाली होती, समोरच्या घरात शिधा शिल्लक होता. त्यांनी दोरीला डबा बांधून आमच्याकडे सोडला.

दादरचा_चिपळूणकर

ताई, तो दिवस इकडून बघणं जास्त वाईट होतं. वडील एकटे घरी. शेवटचा फोन पहाटेचा, 'पाणी गेटात आलंय, गाडी वर लावून येतो'. त्यानंतर पूर्ण दिवस 'स्विच्ड ऑफ'. टीव्हीवर तोच तो बुडालेला एसटी डेपो दाखवत होते आणि मी त्यात आमच्या घराचं छप्पर शोधत होतो. निघायचं तरी कसं? रेल्वे बंद, हायवे बंद, महाडमध्ये पाणी, वर तळियेच्या दरडीची बातमी. शेवटी पाटणवरून कुंभार्ली घाटाने उतरलो, तेही वाटेतली दरड बाजूला झाल्यावर.

गावात शिरल्यावर आधी वास आला. चिखल, डिझेल, कुजलेलं धान्य आणि कापडाच्या दुकानातला ओला वास, सगळं एकत्र. वडील गेटापाशी खुर्ची टाकून बसले होते, चिखलाची. मला बघून म्हणाले, "आलास? फावडं मिळतंय का बघ कुठे."

मोजमाप : भोगाळे, २०२१, मीटरची पेटी पूर्ण पाण्याखाली. २००५ ला पेटीच्या खाली वीतभर.

खाडीकाठ

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार मंडळी. गोवळकोटवरून.

बाजारातले लोक पाण्याची गोष्ट करताना वरूनच बघतात : पाऊस, धरण, डोंगर. आम्ही खालून बघतो. गोवळकोटपर्यंत खाडीची भरती येते, म्हणून तर इथे बंदर होतं आणि दाभोळकडून गलबतं, लाँच इथवर यायच्या. नदीचं पाणी कितीही असो, समोरून भरती आली की ते थांबतं. आणि थांबलेलं पाणी बाजारात शिरतं.

आमच्या अब्बांचा हिशेब सगळ्या खाडीवाल्यांचा तोच : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. आता करून बघा. २०२१ ला २० जुलैला आषाढी एकादशी, म्हणजे २२ ला त्रयोदशी. तेराचे पाऊणपट पावणेदहा. सकाळी पावणेदहा-दहाला समुद्रात भरती पूर्ण, खाडीतून इथे पोचायला त्याहून उशीर. पौर्णिमा तोंडावर म्हणजे उधाणही जवळ. पहाटे चारच्या आसपास ओहोटी होती, आणि ओहोटीतच जर पाणी बाजारात चढत होतं तर पुढे काय होणार हे तेव्हाच कळायला हवं होतं. उजाडल्यापासून दुपारपर्यंत जे भराभर चढलं ते याच्यामुळे.

२६ जुलै २००५ चं पण बसतं. वद्य पंचमी, पाचाचे पावणेचार. दुपारी पावणेचार-चारला भरती. मुंबई बुडाली तीच वेळ.

होड्या सकाळी आम्हीच घेऊन वर आलो. बाजारात होडी चालवणं सोपं नाही. खाली विजेच्या तारा, दुकानांच्या पाट्या, वाहून आलेल्या गाड्या. वल्ही टेकली की कशाला टेकली कळत नाही.

गाळमुक्त

खाडीकाठ भाऊ, तुमचा हिशेब पटला, पण भरती शेकडो वर्षं येतेच आहे. बदललं काय ते बोला. नदीचं पात्र उथळ झालंय. मध्ये गाळाची बेटं तयार झाली, त्यावर झाडं वाढली, लोक त्यांना जमीन समजायला लागले. शिव नदी तर गावातून जाताना ओढ्याएवढी उरली होती. त्यात सखल भागात भराव. एकाने केला की शेजारच्याला करावाच लागतो, नाहीतर त्याचं पाणी याच्याकडे.

डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीचं उपोषण झालं ते याचसाठी. थंडीत मांडवात बसलेल्यांत व्यापारी होते, डॉक्टर होते, भाजीवाल्या मावश्या होत्या. इतकी वेगवेगळी माणसं एका सतरंजीवर मी तरी पहिल्यांदा पाहिली. मागणी एकच, गाळ काढा. त्यानंतर यंत्रणा हलली, जलसंपदाच्या पोकलेन नदीत उतरल्या, नाम फाउंडेशन आलं. नदीचं तोंड मोकळं दिसायला लागलं.

आणि मूळ मुद्दा. त्या रात्री वरच्या कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलं होतं का नव्हतं? गावाला याचं सरळ उत्तर आजपर्यंत पटलेलं नाही.

टेलरेस

या प्रश्नाची वाटच बघत होतो. :) नोकरी कोयना प्रकल्पात, अलोऱ्यात गेली, त्यामुळे पक्षपाती म्हणायला मोकळीक आहे.

आधी पाण्याचा रस्ता नीट समजून घ्या, कारण चिपळुणात राहून तो अनेकांना माहीत नसतो. कोयना नदी मुळात पूर्वेची, कृष्णेला जाणारी. धरणात अडवलेलं पाणी आपण सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणतो. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याची वीज पोफळीच्या बाजूला होते, ते पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात जमतं. तिथून तिसऱ्या टप्प्याचं वीजघर, आणि तिथून सुटलेलं अवजल, म्हणजे वीज करून झालेलं पाणी, वाशिष्ठीत. सगळे टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून १,९६० मेगावॉट. कृष्णा लवादाने पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी मान्य केलं, ते सगळं शेवटी चिपळूणवरून समुद्राला जातं. भर मे महिन्यात वाशिष्ठी वाहते ती याच पाण्यावर. आपल्या पाणीयोजना, लोटे-खेर्डीचे कारखाने त्यावर चालतात. उन्हाळ्यात आपल्याला ते कोयनेचं वाटत नाही, पावसाळ्यात मात्र लगेच वाटतं.

आता त्या रात्रीचं. शासनाने नेमलेल्या अभ्यास गटाने अतिवृष्टी हे मुख्य कारण सांगितलं, अवजल नाही. मला ते पटतं, आणि मी नोकरीत होतो म्हणून नव्हे. अवजल जास्तीत जास्त किती यायचं ते यंत्रांच्या क्षमतेने बांधलेलं आहे. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याला तसं बंधन नाही. सह्याद्रीचा उभा कडा गावापासून किती लांब आहे बघा. तिवऱ्याकडून, कुंभार्लीकडून, सगळ्या पऱ्यांचं, म्हणजे ओढ्यांचं, पाणी तासा-दोन तासांत खाली. खेडला जगबुडीनेही त्याच दिवशी तेच केलं, तिला कुठलं कोळकेवाडी आहे?

गाळमुक्त

काका, जगबुडीचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण माझा प्रश्न कारणाचा कमी आणि निरोपाचा जास्त होता. थेंबभर सोडा नाहीतर नदीभर सोडा, झोपलेल्या गावाला ते मध्यरात्री कळायला हवं होतं. पहाटे तीनला भोंगा वाजला असता तर बाजारातला गणपतीचा माल तरी वर गेला असता. करोनात बंद राहिलेली दुकानं नुकती उघडली होती, लोकांनी उधारीवर माल भरला होता.

टेलरेस

याला माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहे तुमचं.

बहादूरशेख_नाका

थांबा थांबा, धरणाचं निघालंच आहे तर खेकड्यांना विसरू नका. २ जुलै २०१९, तिवरे.

पेठमाप_जुनी

नाकेकर, त्यावर हसू येत नाही हो. तिवरे आपल्याच तालुक्यातलं. रात्री धरण फुटलं आणि भेंदवाडी झोपेत वाहून गेली. वीसहून जास्त माणसं गेली. खेकड्यांमुळे धरण फुटलं असं मंत्र्यांनी म्हटलं आणि राज्यभर विनोद झाले, त्या विनोदात वाडीचं नाव मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. धरणातून गळती होत असल्याचं गावकरी आधीपासून सांगत होते. एकविसाच्या पुराबद्दल लिहिताना एकोणिसातलं तिवरे सोडू नये. त्याच नदीच्या वरच्या अंगाला आहे ते.

बहादूरशेख_नाका

खरंय ताई. शब्द मागे.

लोटिस्मा_वाचक

वाचनालयाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. दीडशे वर्षांहून जुनी संस्था. २००५ मध्येही पुस्तकं भिजली होती, २०२१ मध्ये खालच्या मजल्यावरची भिजून फुगली. भिजलेलं पुस्तक फुगतं तेव्हा कपाटातून निघत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. कपाटं पहारीने उघडावी लागली. आतून पुस्तकं नाही, लगदा निघाला. काही जुन्या अंकांची पानं वेगळी करून वाळवायचा प्रयत्न झाला, पण चिखलातलं तेल कागदात उतरलेलं असतं, ते जात नाही.

मग राज्यभरातून पुस्तकं यायला लागली. काहींनी खोकी भरून रद्दी पाठवली हेही सांगायला हवं, जुनी गाईडं आणि दिवाळी अंकांच्या जाहिरातींची पानं. पण बऱ्याच लोकांनी स्वतःच्या कपाटातलं चांगलं काढून दिलं. नावं घातलेली, वाढदिवसाची भेट म्हणून लिहिलेली. आता एखादं पुस्तक घरी आणलं की पहिल्या पानावर कुठल्या तरी सांगलीच्या नाहीतर नागपूरच्या बाईंचं नाव सापडतं. जानेवारी २०१३ मध्ये ८६ वं साहित्य संमेलन याच गावात झालं होतं, तेव्हा मांडवात एवढी नावं भेटली नव्हती.

नवीन_सून

नमस्कार. मी लग्न होऊन २०२२ नंतर आले, माहेर सोलापूरकडे. पूर पाहिलेला नाही आणि पाहायचाही नाही. पण जुलै आला की घरात सगळे विचित्र वागतात. सासरे रात्री दोनदा उठून गेटापर्यंत जाऊन येतात. सासूबाई कागदपत्रांची पिशवी उशाशी ठेवतात. परवा पाऊस जरा लागून राहिला तर यांनी जेवण अर्धं टाकून गाडी हलवली. मी काही विचारलं की 'तुला नाही कळायचं' म्हणतात. मला कळून घ्यायचं आहे. नक्की कधी घाबरायचं?

आणि दुसरा प्रश्न, मगरीचं खरं आहे का हो?

बहादूरशेख_नाका

वहिनी, मगरीचं शंभर टक्के खरं. २०२४ च्या जूनअखेरीला चिंचनाक्याजवळच्या रस्त्यावरून रात्री भर पावसात मगर निवांत चालत गेली, मागे रिक्षा दिवे लावून उभी. तो व्हिडिओ देशभर फिरला. माझ्या दुबईच्या आतेभावाने मलाच पाठवला, 'हे बघ तुमच्याकडे काय चाललंय' म्हणून. शिव नदीत आणि वाशिष्ठीत त्या आधीपासून आहेत. पाणी वाढलं की बाहेर पडतात. आपण जसे गाडी घेऊन चढावर जातो तशाच त्याही.

खाडीकाठ

आमच्याकडे मगरींचं कौतुक नाही. ओहोटीला चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात, पोरं जाळी टाकायला जाताना आधी बघून घेतात. शहरातल्या लोकांना एवढंच सांगणं आहे की वाढलेल्या पाण्यात फोटोसाठी उतरू नका आणि कोंबडीची घाण नदीत टाकू नका. तेवढं केलंत तर ती तुमच्या वाटेला जात नाही.

टेलरेस

नवीन सूनबाई, घाबरायचं कधी ते सांगतो, म्हणजे एरवी घाबरावं लागणार नाही. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. पावसाळ्यात नदीची पातळी नगरपरिषद आणि तहसीलकडून वेळोवेळी कळवली जाते, ती गटांवर फिरते. आकडा एकटा बघू नका, तो तासाभरात किती वाढला ते बघा. पाच मीटरवर रेंगाळणारी नदी वेगळी आणि चारवरून चढत निघालेली वेगळी. दुसरं, गावातल्या पावसावर जाऊ नका. गावात नुसती रिपरिप आणि पोफळी-शिरगावकडे कोसळतोय असं कैक वेळा होतं. तिकडे ओळखीचं कुणी असलं तर फोन करून विचारा. पाहुण्यांपेक्षा हे नातं उपयोगाचं.

तिसरं खाडीकाठांनी सांगितलंच आहे, तिथीची पाऊणपट. तिन्ही एकत्र आले, वरून मुसळधार, नदी चढती आणि भरतीची वेळ, तर सासऱ्यांबरोबर गेटावर जा. नाहीतर झोपा. पुरानंतर पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी चिपळुणात आणून ठेवतात, ती आमच्या वेळी नव्हती.

नवीन_सून

काका, खूप आभार. हे घरात कुणी सांगितलं असतं तर दोन पावसाळे बरे गेले असते.

पेठमाप_जुनी

बाळ, त्यांना सांगता येत नसेल. माझ्या यजमानांनीही त्या दिवसाबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप मात्र ते हौसेने सांगतात. पहाटेची वेळ, भांडी मांडणीवरून खाली आली, सगळी आळी थंडीत रस्त्यावर, आणि नंतर किती तरी दिवस माणसं अंगणात झोपत होती. पन्नास वर्षं झाली की सांगता येतं बहुधा. सासूबाईंच्या पिशवीत रेशनकार्ड, सातबारा आणि औषधांची चिठ्ठी आहे का बघ, आणि प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळ.

दादरचा_चिपळूणकर

थोडं विषयांतर. गणपतीला येतोय. परशुराम घाट कसा आहे सध्या? २०२२ च्या मे महिन्यात कामासाठी दिवसाचे काही तास बंद ठेवायचे तेव्हा लोट्यात अडकून पडलो होतो.

बहादूरशेख_नाका

घाट आता रुंद आणि काँक्रीटचा. पाऊस जोरात असेल तर डोंगराच्या बाजूची लेन सोडून चालवा, माती येते. रविवारी दुपारी मात्र सवतसड्यापाशी गाड्या वेड्यावाकड्या लावून लोक धबधब्यात जातात, तिथे अर्धा तास धरून चाला. त्यापेक्षा रेल्वेने या. वालोप्याला, म्हणजे चिपळूण स्टेशनला, उतरून रिक्षा. रिक्षावाल्याला 'एन्रॉन पुलावरून घे' म्हणालात की ओळखेल गावचे आहात. कंपनी जाऊन वीस वर्षं उलटली, पूल अजून तिच्याच नावाने.

शाळेवाला

बरेच दिवस नुसतं वाचत होतो. आमची गणपतीची शाळा नदीपासून दोन आळ्या आत. २०२१ ला आषाढ निम्मा सरलेला, म्हणजे मूर्ती घडवून झालेल्या, काही रंगायच्या बाकी. शाडूच्या मूर्ती पाण्यात किती वेळ टिकतात ते सगळ्यांना माहीत आहे, विसर्जनाला बघतोच आपण. पाणी फळीला लागलं तशी खालच्या रांगेची बैठक विरघळली आणि वरच्या आपोआप आडव्या झाल्या. नंतर आत गेलो तर जमिनीवर मऊ मातीचा थर, कुठला नदीचा आणि कुठला आमचा ते सांगता येईना.

गणपती १० सप्टेंबरला होते. ज्यांनी पाट आणून ठेवले होते त्यांतले बरेच पाट वाहून गेले, कुणाचा कुठला ते कळायला मार्ग नाही. मी नोंदवहीवरून एकेकाला फोन लावला की यंदा दुसरीकडे बघा. बहुतेकांनी सांगितलं, जेवढी होईल तेवढी लहान करा पण तुम्हीच करा. पेणहून तयार मूर्ती आणून वेळ मारून नेता आली असती. आणल्या नाहीत. पोरं, मेहुणे, शेजारी सगळे बसलो आणि वीतभराच्या मूर्ती केल्या. त्या वर्षी आमच्या गिऱ्हाइकांच्या मोठ्या मखरांत चिमुकले गणपती होते.

मोजमाप : २०२१, भिंतीतल्या वरच्या फळीच्या वर चार बोटं. तेव्हापासून फळ्या त्याच्याही वर ठोकल्या आहेत. शिडी लागते. म्हातारपणी काय करीन ते गणपतीला माहीत. २००५ ला शाळेत पाणी फक्त उंबऱ्यापर्यंत. पहिलं पाणी मागच्या गटारातून.

वाणीआळीकर

शाळेवाले, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

आतापर्यंत वाचताना एक गोष्ट डोळ्यात आली. मी, शाळेवाले, आणखी एक-दोघांनी मला निरोपात कळवलं तेही, सगळ्यांकडे पहिलं पाणी मोरीतून किंवा गटारातून. म्हणजे नदी काठावरून सांडायच्या आधी गटारांच्या तोंडातून उलटी आत शिरते. गाळ काढणं हवंच, पण गटारांच्या तोंडाला झडपा बसवल्या तर निदान लहान पुराचं पाणी थोपेल का? टेलरेस काका, सांगा.

टेलरेस

झडपेची कल्पना चांगली, पण अर्धी. झडप बंद असताना गावात पडलेला पाऊस जाणार कुठे? तो आतच साठेल. म्हणजे झडपेबरोबर पंप हवेत, पंपाला वीज हवी, आणि पुरात वीज आधी जाते. डिझेल पंप आणि ते वर्षभर चालू स्थितीत ठेवणारा माणूस असेल तर होईल. आपल्याकडे यंत्र मिळतं, माणूस मिळत नाही. तरीही कुठल्या गटारातून आधी येतं याची यादी झाली तर ती घेऊन नगरपरिषदेत जाता येईल. नाईक कंपनी, वडनाका, जुना स्टँड ही ठिकाणं दर पावसाळ्यात बातमीत असतात. त्याच्या आतल्या आळ्यांचं कुणी लिहीत नाही.

गाळमुक्त

मी येतो बरोबर. निवेदन द्यायचा अनुभव दांडगा आहे. फक्त पूररेषेचा विषय त्या बैठकीत काढू नका. निळी रेषा, लाल रेषा म्हटलं की अर्धे लोक घराच्या परवानगीवर घसरतात आणि गटार राहून जातं.

खाडीकाठ

झडप लावाल तेव्हा ओहोटीला ती उघडायची वेळ कोण ठरवणार? त्या कामाला आमच्याकडचा माणूस घ्या. पगार नको, डबा द्या.

खेर्डीवाला

खेर्डीचं लिहून ठेवतो. २००५ : आमच्या गाळ्यात शटरच्या खालच्या पट्टीपर्यंत. २०२१ : शटर अर्धं. पाणी नदीकडून सरळ रस्त्यावरून आलं, गटारातून नाही. ओढ पण होती, रस्त्यावर उभी स्कूटर हलली. म्हणजे वरच्या अंगाला वेगळं आणि बाजारात वेगळं असावं.

वाणीआळीकर

हे महत्त्वाचं. वरच्या अंगाला ओढ, खाली फुगवटा. खेंड, मार्कंडी आणि उक्ताडवरून अजून कुणीच लिहिलेलं नाही. आहे का कुणी?

मार्कंडी_२

मार्कंडी हजर. तेव्हा मी पुण्यात होतो. आई घरी होती, तिला तासातासाचं पाठ आहे. आता ती बाजारात गेलीय. संध्याकाळी विचारून लिहितो, टेप पण लावतो स्विचबोर्डाला.